ज्याचा देश सुटला त्याचा वाली कोण?



गावात एस.टी.तून कोणी परका माणूस बोचके घेऊन उतरला, की आपण पहिल्याने काय विचारतो? "कुठले पाव्हणे? गाव कोणते?" तो म्हणतो, "आष्टीचा," किंवा "पाथर्डीचा." मग सोयरेधायरे निघतात, ओळख पटते, चहा होतो. गावाचे नाव सांगता आले की माणूस उभा राहतो.

पण समजा तो म्हणाला, "मला गाव आहे, घर आहे, जमीनही आहे. पण तिथे परत गेलो तर जीव जाईल. ज्या सरकारने मला राखायचे, तेच माझ्या जिवावर उठले आहे." मग त्याची ओळख कोणी पटवायची? त्याला कागद कोणी द्यायचा? त्याच्या पोरांना शाळेत कोणी घ्यायचे?

अशी माणसे जगात थोडीथोडकी नाहीत. २०२४ साल संपले तेव्हा त्यांची संख्या ४ कोटी २७ लाख होती. त्यांच्यासाठी निरनिराळ्या देशांनी मिळून काय काय केले, ते आज आपण वाचू. ही गोष्ट फार लांबची नाही. तिचा एक मोठा भाग आपल्या कोल्हापूरजवळ घडला.

१. निर्वासित कोणाला म्हणावे?

आधी शब्द नीट समजून घेऊ. उदाहरणे आपल्या शिरूर-दौंडकडचीच घेऊ.

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या तळावर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडची, अहिल्यानगरकडची माणसे कोप्या घालून राहतात. हंगाम संपला की परत जातात. रांजणगावला आणि कुरकुंभला कारखान्यांत काम करायला परप्रांतांतून मजूर येतात. ही सगळी माणसे पोटासाठी आलेली. त्यांचे घर आणि त्यांचे मत जागच्या जागी आहे. ती निर्वासित नव्हेत.

शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड नदीवर धरण झाले. उजनीचे पाणी भीमेतून मागे चढत दौंड तालुक्यापर्यंत आले. धरणांच्या पाण्यात ज्यांची घरे, जमिनी आणि देवळे गेली त्यांना आपण धरणग्रस्त म्हणतो. त्यांचे दुःख लहान नाही. पण ते आपल्याच देशात राहिले. त्यांना कचेरीत जाऊन हक्काने भांडता येते. मोर्चा काढता येतो. तेही निर्वासित नव्हेत, ते विस्थापित.

दौंड तालुक्यातले केडगाव घ्या. १८९६-९७ साली मोठा दुष्काळ पडला. तेव्हा पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथून उपाशी, निराधार मुली आणि बायका त्यांनी सोबत आणल्या आणि केडगावला मुक्ति सदनात ठेवल्या. पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातूनही त्यांनी शेकडो जणी आणल्या. त्यांना खाणे दिले, अक्षर दिले, हाताला काम दिले. आसरा देणे म्हणजे काय, हे केडगावने असे फार पूर्वी पाहिले आहे. तरी कायद्याच्या बोलीत त्या बायका निर्वासित नव्हत्या. त्यांना दुष्काळाने हाकलले होते, माणसांनी नव्हे.

मग निर्वासित कोण? वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या समाजगटातला जन्म किंवा राजकीय मत, या कारणावरून आपला छळ होईल अशी ज्याला साधार भीती आहे, त्या भीतीने जो आपल्या देशाबाहेर आला आहे, आणि ज्याला आपल्या सरकारचे संरक्षण मिळत नाही किंवा भीतीपोटी घेता येत नाही, तो निर्वासित.

यात तीन गोष्टी आहेत. भीती खरी हवी. देशाची हद्द ओलांडलेली हवी. आणि पाठीशी आपले सरकार नसावे. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. उपाशी माणसाला भाकरी हवी, आजारी माणसाला औषध हवे. निर्वासिताला ही दोन्ही हवीतच, पण त्याहून अधिक त्याला वाली हवा.

२. आधी कागद आला

आपण अंगठा सोडून सही करायला लागलो, तेव्हा आपल्याला कागदाची किंमत कळली. रेशनकार्ड नसेल तर धान्य अडते. सातबारा नसेल तर जमीन आपली असून आपली नाही. ओळखीचा कागद नसेल तर बँकेत खाते निघत नाही. आता ज्याच्याजवळ यातले काहीच नाही, आणि जे मागायला कचेरीही नाही, त्याचे काय होत असेल?

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. रशियात १९१७ साली क्रांती झाली होती आणि मागोमाग यादवी माजली. लाखो रशियन माणसे देश सोडून युरोपभर पांगली. १९२१ च्या अखेरीस नव्या रशियन सरकारने त्यांच्यापैकी बहुतेकांचे नागरिकत्व रद्द केले. झाले! माणसे जिवंत, पण कोणत्याच देशाची नाहीत. काम मागायला गेले तर कागद नाही. हद्द ओलांडायची तर कागद नाही.

तेव्हा 'राष्ट्रसंघ' नावाची देशांची एक संस्था होती. तिने १९२१ साली निर्वासितांसाठी एक उच्चायुक्त नेमला. त्याचे नाव फ्रिट्यॉफ नान्सेन. हा नॉर्वे देशाचा. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फातून वाट काढणारा नामांकित प्रवासी. त्याने हेरले की या माणसांना सगळ्यांत आधी ओळखपत्र पाहिजे. १९२२ साली त्याने एक दाखला सुरू केला. लोक त्याला 'नान्सेन पासपोर्ट' म्हणू लागले. पुढे पन्नासाहून अधिक देशांनी तो मानला. त्याच वर्षी नान्सेनला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कागद झाला. पण दार उघडण्याची सक्ती अजून कोणावर नव्हती. त्याचा परिणाम काय झाला तो पाहा.

जर्मनीत हिटलरचे राज्य होते आणि यहुदी लोकांचा छळ चालला होता. मे १९३९ मध्ये 'सेंट लुई' नावाचे जहाज ९३७ उतारू घेऊन जर्मनीतून क्यूबाला निघाले. उतारू जवळजवळ सगळे यहुदी. क्यूबाने मोजक्या लोकांना उतरू दिले. बाकीच्यांना ना क्यूबाने घेतले, ना अमेरिकेने. जहाज माघारी युरोपला गेले. चार देशांनी ते उतारू वाटून घेतले, पण त्यांतले तीन देश पुढच्या वर्षी जर्मनीने जिंकले. त्या उतारूंपैकी २५४ जण पुढे मारले गेले. दारात आलेल्या माणसाला माघारी ढकलले, तर ढकलणाऱ्याच्या हाताला रक्त दिसत नाही. माणूस मात्र मरतो.

३. वळिवड्याची छावणी

आता कोल्हापूरकडे येऊ.

पोलंड हा युरोपातला देश. त्याच्या एका अंगाला जर्मनी, दुसऱ्या अंगाला सोव्हिएत रशिया. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. दुसरे महायुद्ध सुरू झाले. १७ सप्टेंबरला दुसऱ्या बाजूने रशियाचे सैन्य आत आले. देशाचे दोन तुकडे झाले.

रशियाच्या ताब्यातल्या भागातून १९४० आणि १९४१ साली लाखो पोलिश लोकांना उचलून सैबेरिया, कझाकस्तान अशा लांबच्या मुलखांत नेऊन टाकले. शेतकरी, शिक्षक, जंगलखात्यातले नोकर, त्यांच्या बायका, त्यांची पोरे. दौंड जंक्शनच्या आसपास राहणाऱ्याला मालगाडीचा डबा कसा असतो ते सांगायला नको. तशा डब्यांत माणसे कोंडली आणि आठवडेच्या आठवडे नेली. थंडी, भूक आणि आजार यांनी किती तरी जण वाटेत आणि तिथे गेले.

१९४१ च्या जून महिन्यात जर्मनीने रशियावरच हल्ला केला. तेव्हा रशियाने पोलिश लोकांना मोकळे करायचे कबूल केले. १९४२ साली पोलिश सैन्य आणि त्याच्यासोबत हजारो बायका-मुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली. अंगावर चिंध्या, पोटात काही नाही. सैनिक लढाईवर गेले. बायका-मुलांना ठेवायचे कुठे?

जग सगळे लढाईत गुंतलेले. कोणी एकाने हा भार उचलणे शक्य नव्हते. म्हणून तो वाटून घेतला गेला. काही जण आफ्रिकेत गेले, काही मेक्सिकोला, काही न्यूझीलंडला. आणि काही भारतात आले. गुजरातेत जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी अनाथ मुलांना आसरा दिला. आणि कोल्हापूर संस्थानात, कोल्हापूर शहराच्या जवळ, वळिवडे येथे १९४३ साली मोठी छावणी उभी राहिली.

वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश माणसे राहत होती. बहुतेक बायका आणि मुले. म्हणजे आपल्याकडचे एखादे चांगले मोठे गाव बसावे एवढी वस्ती. लांब लांब बराकी होत्या. त्यांत कुटुंबागणिक खोल्या. शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते, नाटक-गाण्यासाठी सभागृह होते. पोरे पंचगंगेत पोहायला शिकली. आसपासच्या गावांतून भाजी, दूध, फळे यायची. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण बाजाराला भाषा थोडीच लागते! बोटांवर हिशेब व्हायचा. पुढे पुढे पोलिश पोरे मराठी शब्द बोलू लागली. काही मुलींची इकडे लग्ने झाली आणि त्या इथल्याच झाल्या.

एक गोष्ट ध्यानात घ्या. या छावणीत नुसते जेवण वाटले नाही. शाळा पोलिश भाषेत चालली. मुलांनी परीक्षा दिल्या. छावणीतली माणसेच शिक्षक, परिचारिका, शिंपी, स्वयंपाकी अशी कामे करीत होती. आसरा द्यायचा तर माणसाला हात पसरायला न लावता उभे करायचे, ही त्यामागची रीत होती.

मग पैसा कोणाचा? पोलंडचे सरकार तेव्हा परागंदा होऊन लंडनला बसले होते. खर्चाचा भार आधी त्या सरकारवर होता. रेड क्रॉस संस्थेचा हातभार होता. १९४५ साली युद्ध संपले, आणि लंडनमधल्या त्या सरकारची मान्यता ब्रिटनने काढून घेतली. आता? देशही गेला आणि देशाचे नाव सांगणारे सरकारही गेले. तेव्हा 'उन्रा' नावाची संस्था पुढे आली. युद्धात होरपळलेल्यांना मदत करण्यासाठी ४४ देशांनी १९४३ च्या नोव्हेंबरात ती काढली होती. त्या ४४ देशांत भारतही होता. वळिवड्याची छावणी तिच्या आधाराने चालली. १९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा तिथली मुलेही वळिवड्याला आली.

४. परत जायचे, पण कुठे?

तुम्ही म्हणाल, युद्ध संपले, मग ही माणसे घरी का गेली नाहीत?

अडचण अशी होती. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची गावे पूर्व पोलंडातली. युद्धानंतर तो सगळा मुलूख रशियाकडे गेला. घर होते तिथेच राहिले, हद्द मात्र त्याच्या अंगणातून पलीकडे सरकली. ज्या राज्याने त्यांना मालगाडीत कोंडले, त्याच राज्यात आता त्यांचे घर होते. उरलेल्या पोलंडवरही रशियाचाच वचक होता. कित्येकांनी सांगितले, "आम्ही जाणार नाही."

अशा वेळी छावणी चालवणाऱ्याला वाटू शकते, की चार वर्षे पोसले, आता पुरे. घाला आगगाडीत आणि पाठवा. पण १२ फेब्रुवारी १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला होता, की ज्याची सबळ हरकत आहे अशा निर्वासिताला जबरदस्तीने परत धाडायचे नाही. उन्रानंतर हे काम 'आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना' या नव्या संस्थेने १९४७ साली हाती घेतले. तिने माणसांना विचारून, कोणाला कुठे जायचे ते ठरवून सोय लावली. ज्यांचे नवरे किंवा मुलगे पोलिश सैन्यात इंग्रजांच्या बाजूने लढले होते, त्यांना ब्रिटनने १९४७ साली कायदा करून घेतले. काही जण ऑस्ट्रेलियाला गेले, काही कॅनडाला, काही अमेरिकेला. काहींनी आपणहून पोलंडची वाट धरली. १९४८ साली छावणी रिकामी झाली.

आणि तिची जागा ओस पडली नाही. १९४७ साली आपल्या देशाची फाळणी झाली होती. सिंधमधून हजारो सिंधी कुटुंबे घरदार सोडून आली होती. त्यांतली काही वळिवड्याच्या त्याच बराकींत राहायला आली. आज तिथे गांधीनगर आहे. कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून आपल्याकडचे व्यापारीही ते गाव ओळखतात. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी लोकांचे उल्हासनगर झाले. पुण्याजवळ पिंपरीलाही त्यांची वसाहत झाली. आपण त्यांना निर्वासित म्हणत आलो, पण त्यांना भारताने पहिल्यापासून आपले नागरिक मानले. वाली लगेच मिळाला. म्हणून एक-दोन पिढ्यांत ती माणसे दुकानदार झाली, कारखानदार झाली.

कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचे स्मारक आहे. आणि पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा शहरात, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन फुले वाहिली. दिलेला आसरा घेणारे विसरले नाहीत.

५. १९५१ चा करार

दर वेळी नवी संस्था काढायची आणि काम संपले की मोडायची, असे किती दिवस चालणार? म्हणून संयुक्त राष्ट्रांनी 'निर्वासित उच्चायुक्त' अशी कायमची कचेरी काढली. निदान आपण आज तिला कायमची म्हणतो. १ जानेवारी १९५१ रोजी ती सुरू झाली, तेव्हा तिला तीनच वर्षांची मुदत होती. तेवढ्यात काम उरकेल असे वाटले होते! या कचेरीला १९५४ आणि १९८१ असे दोनदा शांततेचे नोबेल मिळाले. मुख्य कचेरी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला आहे.

२८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हाला निर्वासितांविषयीचा करार मंजूर झाला. आधी तो १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७ साली त्याला जोड देऊन ती मर्यादा काढली. जगातल्या सुमारे दीडशे देशांनी हे करार मानले आहेत. त्यातली मुख्य कलमे आपल्या भाषेत अशी:

पहिले, निर्वासिताला जिथे त्याचा जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल अशा ठिकाणी माघारी ढकलायचे नाही. हा या कराराचा कणा.

दुसरे, जीव वाचवायला कोणी परवान्याशिवाय हद्द ओलांडून आला आणि लगेच सरकारी माणसापुढे हजर झाला, तर तेवढ्यासाठी त्याला शिक्षा करायची नाही. आग लागलेल्या घरातून पळणारा किल्ली शोधत बसत नाही.

तिसरे, त्याला ओळखपत्र द्यायचे. त्याच्या मुलांना प्राथमिक शाळेत आपल्या मुलांसारखेच घ्यायचे. कोर्टाचे दार त्याला उघडे ठेवायचे.

चौथे, निर्वासितानेही आसरा देणाऱ्या देशाचे कायदे पाळायचे.

पाचवे, ज्याने युद्धात अत्याचार केले किंवा ज्याच्या नावावर भयंकर गुन्हे आहेत, त्याला या कराराची ढाल मिळायची नाही.

म्हणजे हा करार आंधळी दया सांगत नाही. तो चौकशी करायला सांगतो. पण चौकशी आधी, हाकलणे नंतर. आधी हाकलायचे आणि मग चौकशी, हे चालायचे नाही.

६. पुढच्या तीन वाटा

छावणी म्हणजे घर नव्हे. कोणालाही जन्मभर छावणीत ठेवायचे नसते. मग निर्वासितापुढे वाटा किती? तीन.

पहिली वाट, आपल्या देशी परत जाणे. पण आपखुशीने, आणि तिथले भय सरले म्हणजे. याचे मोठे उदाहरण आपल्याच देशातले. मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात कत्तली सुरू झाल्या, आणि डिसेंबरपर्यंत सुमारे १ कोटी माणसे भारतात आली. एवढ्या माणसांना पोसणे सोपे होते का? संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तांनी देशोदेशींची मदत गोळा करून भारताकडे धाडली. तरी मोठा भार भारतानेच वाहिला. त्यात आपल्या वाडवडिलांचाही वाटा होता. १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, निर्वासितांच्या मदतीसाठी. शिरूरच्या किंवा दौंडच्या टपाल कचेरीत ज्याने पाकीट टाकले, त्याचे ५ पैसे त्या छावण्यांना लागले. १६ डिसेंबरला युद्ध संपले, बांगलादेश स्वतंत्र झाला, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत बहुतेक सगळे परत गेले.

दुसरी वाट, आसरा मिळाला तिथेच मूळ धरणे. १९५९ साली दलाई लामा तिबेटातून भारतात आले आणि त्यांच्या मागून हजारो तिबेटी आले. भारताने त्यांना ठिकठिकाणी वसाहतींसाठी जमिनी दिल्या. आपल्या महाराष्ट्रातही एक आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ साली ती वसली. तिचे नाव नॉर्ग्येलिंग. थंडीच्या दिवसांत शहरांतल्या बाजारांत जे तिबेटी लोक स्वेटर विकतात, ते अशाच वसाहतींतले. सरकार त्यांना नोंदणीचा दाखला देते. पुन्हा पाहा, कागद!

तिसरी वाट, तिसऱ्याच देशात जाणे. वळिवड्याचे बरेच पोलिश लोक याच वाटेने गेले.

तीनही वाटा बंद असल्या म्हणजे काय होते? माणूस छावणीत जन्मतो, छावणीत लग्न करतो आणि छावणीतच म्हातारा होतो. आज जगात अशी लाखो माणसे आहेत. दुसऱ्यांचा भार कोणी उचलायचा, हा वादही संपलेला नाही. श्रीमंत देश फार बोलतात, पण २०२४ च्या अखेरीस दर १०० निर्वासितांपैकी ७३ जण गरीब आणि मध्यम देशांत राहत होते. उच्चायुक्तांच्या कचेरीला स्वतःची तिजोरी नाही. देश स्वखुशीने देतील त्यावर तिचे चालते. २०२५ साली मोठ्या देशांनी हात आखडता घेतला, तेव्हा तिला आपली हजारो माणसे कमी करावी लागली. पाणीपट्टी कोणी भरायची नाही आणि नळाला पाणी मात्र यायला पाहिजे, असाच हा प्रकार.

७. आपल्या देशात कायदा काय आहे?

भारताने १९५१ चा करार सही करून मानलेला नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. परदेशातून आलेल्या सगळ्यांना परकी नागरिकांचाच कायदा लागतो. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांची व्यवस्था सरकार स्वतः पाहते. म्यानमार, अफगाणिस्तान अशा देशांतून आलेल्यांची नोंद दिल्लीतली उच्चायुक्तांची कचेरी करते आणि त्यांना ओळखपत्र देते.

मग कायद्याचा आधार काहीच नाही का? आहे. आपल्या संविधानाच्या २१ व्या कलमात लिहिले आहे, की कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कोणत्याही व्यक्तीचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. शब्द नीट वाचा. तिथे 'नागरिक' असे नाही, 'व्यक्ती' असे आहे. अरुणाचल प्रदेशात पूर्वी पूर्व पाकिस्तानातून आलेले चकमा लोक राहतात. काही संघटनांनी त्यांना निघून जाण्याच्या धमक्या दिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ साली न्यायालयाने सांगितले, की या माणसांच्या जिवाचे रक्षण करणे हे राज्य सरकारचे काम आहे. जमावाने कोणाला हुसकून लावायचे नाही. निर्णय काय तो कायदा करील.

८. आपण काय ध्यानात ठेवावे?

तुम्ही म्हणाल, आम्ही शेतकरी माणसे. जिनिव्हाशी आमचा काय संबंध?

संबंध असा. देशोदेशींचे करार शेवटी गावाच्या वेशीवर येऊन थांबतात. वळिवड्याची छावणी लंडनमध्ये ठरली, पण तिला भाजी पुरवली आसपासच्या गावांनी. त्या गावांनी दगड उचलले असते, तर कोणताही करार कामाला आला नसता.

आजकाल मोबाइलवर कोणी काहीही लिहून पाठवतो. "अमुक वस्तीवर परदेशी लोक आले आहेत, सावध राहा." आपण वाचायला शिकलो ते वाचलेले सगळे खरे मानायला नव्हे. बोली वेगळी म्हणून माणूस परदेशी ठरत नाही. परराज्यातला मजूर आपल्यासारखाच भारताचा नागरिक असतो. आणि खरोखरच कोणी परदेशी असला, तर तो कोण, कशासाठी आला, त्याने राहावे की जावे, हे ठरवणे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे. शंका आली तर ठाण्यात कळवावे. हात मात्र उगारू नये.

आणि त्याच्या पोराला तहान लागली असेल तर पाणी द्यावे. त्यासाठी कोणताही कागद पाहावा लागत नाही.

कठीण शब्द

वाली : रक्षण करणारा, कैवारी.
परागंदा : भीतीने देश सोडून गेलेला.
विस्थापित : राहत्या जागेवरून उठवलेला; देशातल्या देशातही असू शकतो.
उच्चायुक्त : मोठ्या कामासाठी नेमलेला वरिष्ठ अधिकारी.
करार : दोघांनी किंवा अनेकांनी मिळून मान्य केलेल्या अटी.
आमसभा : सगळ्या सभासदांची सभा.

वर्गात बोलून पाहा

१. ऊसतोड मजूर, धरणग्रस्त आणि निर्वासित यांत फरक काय?
२. नान्सेनने निर्वासितांना सगळ्यांत आधी ओळखपत्र का दिले? कागद नसल्यामुळे तुमचे कधी काही अडले आहे का?
३. युद्ध संपल्यावरही वळिवड्याचे बरेच लोक घरी का गेले नाहीत?
४. निर्वासितापुढच्या तीन वाटा कोणत्या? प्रत्येकीचे एक उदाहरण सांगा.
५. संविधानात 'नागरिक' न म्हणता 'व्यक्ती' म्हटल्याने काय फरक पडतो?
६. तुमच्या घरात १९७१ साल आठवणारे कोणी असेल, तर त्यांना ५ पैशांच्या तिकिटाविषयी विचारा. ते सांगतील ते पाच ओळींत लिहून आणा.